घरच्या घरी रेकॉर्डिंग: स्वस्तातलं सॉफ्टवेअर कसं निवडायचं

आषाढी जवळ आली की मला ठराविक फोन सुरू होतात. ‘‘अभंग रेकॉर्ड करायचाय, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?’’ मी उलट विचारतो, गाणार कोण, वाजवणार कोण, सगळे एकदम बसणार की एकेक करून? पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळूच, ‘‘ते अजून ठरलं नाही हो, पण ते अमुकतमुक चांगलं आहे म्हणतात.’’

गडबड इथेच होते. काय रेकॉर्ड करायचं हे ठरायच्या आधी सॉफ्टवेअर ठरतं, आणि मग चार महिने यूट्यूबवर ‘शिकून घेण्यात’ जातात. एकही गाणं पुरं होत नाही. म्हणून हा लेख उलट्या बाजूने लिहिलाय. गाणं धरून चाललं तर बहुतेकांना पहिल्या वर्षात एक रुपयाही खर्च करावा लागत नाही असा माझा अनुभव आहे.

एक शब्द सुरुवातीलाच समजून घ्या, तो सगळीकडे भेटेल. रेकॉर्डिंग, कापाकापी आणि मिक्सिंग (सगळे आवाज एकमेकांत नीट मिसळणं) एकाच ठिकाणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन म्हणतात. बोलताना सगळे नुसतं ‘डॉ’ म्हणतात.

पायरी १: कागदावर ट्रॅक मोजा

खरोखर कागद घ्या. एक अभंग धरू. तानपुरा एक ट्रॅक (ट्रॅक म्हणजे वेगळा ठेवलेला एकेक आवाज). पेटी एक. पखवाजाला दोन माइक, एक कणकेच्या बाजूला, एक शाईच्या. टाळ एक. मुख्य आवाज एक. मागे म्हणणाऱ्यांचे दोन. झाले आठ.

हा आकडा का महत्त्वाचा? फुकट मिळणाऱ्या काही आवृत्त्यांमध्ये ट्रॅकवर मर्यादा असते. स्टुडिओंमध्ये सर्रास वापरलं जाणारं प्रो टूल्स ‘इंट्रो’ नावाने फुकट मिळतं, पण त्यात आवाजाचे ट्रॅक आठच. वरचा अभंग त्यात काठोकाठ बसतो. शेवटच्या कडव्यात मुख्य आवाज दुहेरी करावासा वाटला की जागा संपली. एकटा माणूस गिटार घेऊन भावगीत म्हणणार असेल तर तेच आठ ट्रॅक चैनीत पुरतात.

दुसरा प्रश्न, एका वेळी किती माइक चालू राहणार? याचं उत्तर सॉफ्टवेअर देत नाही, ऑडिओ इंटरफेस देतो. माइकची वायर ज्यात जाते आणि जो यूएसबीने कॉम्प्युटरला जोडतात तो डबा म्हणजे इंटरफेस. दोन इनपुटचा असेल तर एका वेळी दोनच माइक. आठ जणांचं भजनी मंडळ एकत्र बसवून प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक हवा असेल तर महागडं सॉफ्टवेअर घेऊन काही होणार नाही, इनपुट वाढवावे लागतील. नाहीतर मंडळासमोर दोन माइक लावून एकदम रेकॉर्ड करायचं. भजनाला ही दुसरी पद्धत मला जास्त आवडते. समोरासमोर बसल्यावर टाळकरी जो जोर लावतो तो हेडफोन घालून एकटा बसल्यावर लावत नाही.

तिसरा प्रश्न, वाद्यं खरी आहेत की कॉम्प्युटरमधून काढायची? सिंथ, ड्रम, स्ट्रिंग्ज असं सगळं कीबोर्डवरून वाजवायचं असेल तर निवड एकदम बदलते. ते पुढे येईलच.

पायरी २: घरातल्या मशीनकडे बघा

नुसते आवाजाचे ट्रॅक रेकॉर्ड करायला कॉम्प्युटरवर फारसा भार पडत नाही. आठ-दहा वर्षांपूर्वीचा, आठ जीबी रॅमचा लॅपटॉपही हे काम करतो, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवलेली असली म्हणजे झालं. भार पडतो तो कॉम्प्युटरमधल्या वाद्यांचा. एकेका पियानोच्या लायब्ररीला कित्येक जीबी जागा लागते.

जागेचा हिशेब सोपा आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर (आवाज किती बारकाईने साठवायचा याची ही मापं) एका मोनो, म्हणजे एका माइकच्या, ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात. पाच मिनिटांच्या गाण्याचे आठ ट्रॅक म्हणजे साडेतीनशे एमबीच्या आसपास. प्रत्येकाचे तीन टेक झाले, म्हणजे प्रत्येक ट्रॅक तीनदा रेकॉर्ड केला, की एक जीबी. वर्षभरात वीस गाणी केलीत तरी वीस जीबी, म्हणजे एका पेन ड्राइव्हवर मावतील एवढी. रेकॉर्डिंगसाठी नवा लॅपटॉपच हवा असं कुणी म्हणत असेल तर आधी हे गणित त्यांच्यासमोर मांडा.

आवाजासाठी २४ बिट ठेवा. १६ बिटवर माइकची पातळी अगदी वरपर्यंत न्यायचा मोह होतो आणि गायकाने तार षड्जाला आवाज सोडला की टेक फाटतो. २४ बिटवर पातळी निवांत खाली ठेवता येते. ९६ किलोहर्ट्झच्या नादी लागू नका. फाइल दुप्पट होईल, आणि खिडकीखालच्या रिक्षाचा आवाज दुप्पट स्पष्ट येईल, एवढंच.

पायरी ३: आधीच हातात काय आहे ते शोधा

मॅक, आयपॅड किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकटच आहे. इंटरफेस घेतला असेल तर त्याचा खोका टाकून देऊ नका. फोकसराइट स्कार्लेटसारख्या इंटरफेसबरोबर एबलटन लाइव्ह लाइट मिळतं. इतर कंपन्याही असंच काही ना काही देतात. कंपनीच्या साइटवर खोक्यातला सीरियल नंबर टाकून नोंदणी केली की हे मिळतं. माझ्या ओळखीतल्या दोघांनी ही नोंदणी केलीच नव्हती. सॉफ्टवेअर विकत घ्यायला निघाले होते, आणि एक लायसन्स कपाटावरच्या खोक्यात पडून होतं.

पायरी ४: उमेदवार

सगळी यादी देत नाही. नवख्या माणसाने विचार करावा अशी मोजकी नावं घेतो, आणि माझं मतही सांगतो.

ऑडॅसिटी. २००० सालापासून आहे, पूर्ण फुकट, सोर्स खुला. आजोबांच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायच्या आहेत, कथाकथन रेकॉर्ड करायचंय, कीर्तनाची दोन तासांची फाइल कापून अर्ध्या तासाची करायची आहे, खरखर कमी करायची आहे, अशा कामांसाठी पहिलं नाव हेच. पूर्वी यात इफेक्ट दिला की तो आवाजात कायमचा मिसळायचा. २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून ऐकता ऐकता बदलता येणारे इफेक्ट आले. पण एकावर एक आठ ट्रॅक चढवून गाणं बांधायला बसलात की हे अवघडायला लागतं. शिवाय कीबोर्ड जोडून वाद्य वाजवायचं हे त्याचं कामच नाही. ऑडॅसिटी ही उत्तम कात्री आहे, शिवणयंत्र नाही.

गॅरेजबँड. मॅकवाल्यांनी दुसरीकडे बघायची गरजच नाही, निदान पहिली वीस गाणी होईपर्यंत. वाद्यं आत, ढोलकवाला म्हणावा असा ‘ड्रमर’ आत, आणि पुढे कधी ॲपलच्याच लॉजिक प्रोवर गेलात तर गॅरेजबँडची गाणी त्यात तशीच उघडतात. आयफोन-आयपॅडवरच्या आवृत्तीत मात्र दोन खड्डे आहेत. पहिला, नव्या गाण्यात सेक्शनची लांबी आठ बारची ठरलेली असते (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट). गायक रंगात येतो आणि आठ बार झाले की रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून फिरायला लागतं. सेक्शनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटोमॅटिक’ चालू करा, मग हवं तितकं चालतं. दुसरा खड्डा तालाचा आहे, तो पुढच्या पायरीत.

रीपर. विंडोजवाल्यांना मी बहुतेक वेळा हेच सुचवतो. नव्वदच्या दशकात एमपी३ ऐकायला सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर विनॅम्प असायचं. ते लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच हे काम. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, डाउनलोड अगदी छोटं आहे, जुन्या लॅपटॉपवरही पटकन उघडतं. ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं. पुढे व्यक्तिगत वापराचं लायसन्स ६० डॉलर, म्हणजे पाच हजार रुपयांच्या थोडं वर. रीपरवर धंदा करून वर्षाला २०,००० डॉलरपेक्षा जास्त मिळवत असाल तरच २२५ डॉलरचं घ्यावं लागतं. तिथवर पोचलात तर पार्टी द्या. एका लायसन्सवर दोन मोठ्या आवृत्त्यांपर्यंतचे बदल मिळतात. सातवी आवृत्ती असताना घेतलं तर आठवीही त्यातच.

रीपरची खोट म्हणजे आत वाद्यं जवळजवळ नाहीत. पहिल्यांदा उघडलं की करडा, रिकामा पडदा. पियानो कुठाय, तबला कुठाय असं शोधणारा माणूस निराश होतो. खरी वाद्यं आणि खरा आवाज रेकॉर्ड करणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

वेव्हफॉर्म फ्री हे ट्रॅकशन कंपनीचं. फुकट असूनही ट्रॅकवर मर्यादा नाही. मांडणी थोडी वेगळी आहे, काहींना ती पहिल्या दिवशीच आवडते, काहींना कधीच नाही. केकवॉकची गोष्ट बोधप्रद आहे. गिब्सन कंपनीने २०१७ साली ते बंद करत असल्याचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी बँडलॅबने ते घेऊन विंडोजवाल्यांना फुकट दिलं, आता ते सोनार या नावाने मिळतं. सॉफ्टवेअरची मालकी अशी फिरत असते. तुमचं गाणं त्यात अडकू नये म्हणून काय करायचं ते शेवटच्या पायरीत आहे. बँडलॅबचंच एक फुकट रूप ब्राउझरमध्ये आणि फोनवर चालतं. ज्याच्याकडे फक्त अँड्रॉइड फोन आहे अशा कॉलेजच्या पोराने तिथून सुरुवात करावी, काही बिघडत नाही.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलेलं असेल तर आर्डर बघा. बहुतेक लिनक्सच्या भांडारातून ते पूर्ण स्वरूपात फुकट मिळतं. मूळ साइटवरून तयार आवृत्ती घ्यायची तर थोडे पैसे द्यावे लागतात. तिथली फुकट चाचणी आवृत्ती दहा मिनिटांनी गप्प होते, तेव्हा ‘बिघडलं’ म्हणून घाबरू नका.

आणि दोन इशारे. एलएमएमएस हे फुकट सॉफ्टवेअर बीट्स बनवायला छान आहे, पण माइक लावून आवाज रेकॉर्ड करायची सोय त्यात नाही. एफएल स्टुडिओ पोरांमध्ये फार लोकप्रिय आहे आणि एकदा घेतलं की पुढचे बदल आयुष्यभर फुकट. मात्र त्याची सगळ्यात स्वस्त ‘फ्रूटी’ आवृत्ती मुख्यतः बीट्स करणाऱ्यांसाठी आहे, माइकवरून गाणं रेकॉर्ड करायची सोय तिच्यात आहे का ते आधी बघा. चाचणी आवृत्तीत काम साठवता येतं, पण लायसन्स घेईपर्यंत ते पुन्हा उघडता येत नाही. स्वस्त म्हणून घेण्याआधी हे माहीत हवं.

पायरी ५: ताल आणि सूर त्यात बसतात का?

परदेशी लेख वाचून निवड करणारे इथेच फसतात, कारण त्यांत हा प्रश्नच नसतो.

यांतली बहुतेक सॉफ्टवेअरं चार मात्रांचा बार गृहीत धरून उघडतात. त्रिताल चार बारांत बसतो, भजनी ठेक्याच्या आठ मात्रा दोन बारांत. दादऱ्याला सहा करून घ्या. झपतालाला दहा. रूपकाला सात, आणि इथे गंमत आहे. बारच्या पहिल्या मात्रेवर क्लिक (लय दाखवणारा टकटक आवाज) जोरात वाजतो. रूपकात पहिली मात्रा म्हणजे सम खरी, पण ती खाली, म्हणजे जोर नसलेली. तबल्यावर ‘तिं’ वाजणाऱ्या जागी कानात ‘टॉक’ असा ठोका बसला की चांगला गायकही डळमळतो. रीपरमध्ये पहिल्या आणि इतर मात्रांचे आवाज वेगवेगळे निवडता येतात, तिथे पहिलीचा जोर काढून टाका. आयफोनवरच्या गॅरेजबँडमध्ये ३/४, ४/४ आणि ६/८ एवढेच पर्याय आहेत, म्हणजे रूपक आणि झपताल बाहेर. दुसरा खड्डा म्हटलं तो हाच.

खरं सांगायचं तर क्लिकवर गाऊच नये असं माझं मत आहे. तबलजीकडून आधी साधा ठेका रेकॉर्ड करून घ्या, किंवा तबल्याच्या ॲपमधून हव्या त्या लयीत पाच मिनिटं काढून एका ट्रॅकवर टाका. गायक त्यावर गाईल. शेवटी खरा तबला वाजवून घेऊन आधीचा ठेका बंद करायचा. आलाप, श्लोक, ओवी यांसाठी तर ग्रिड (पडद्यावरच्या मात्रांच्या रेघा) आणि ‘स्नॅप’ दोन्ही बंदच ठेवा. नाहीतर कापलेला तुकडा आपोआप जवळच्या मात्रेवर जाऊन चिकटतो आणि दोन ओळींमधला श्वास खाऊन टाकतो.

आता सूर. सॉफ्टवेअरमधली वाद्यं पाश्चात्त्य प्रमाणाला लावलेली असतात, त्या हिशेबात काळी एक म्हणजे २७७ हर्ट्झच्या जरा वर. घरातली जुनी पेटी तिथे असेलच असं नाही. आधी पेटीची काळी एक वाजवून ट्यूनर प्लगइनमध्ये (सॉफ्टवेअरच्या आतल्या सूर मोजणाऱ्या सोयीत) बघा, आणि तानपुरा पेटीला मिळवून घ्या. उलटं केलंत तर सगळं रेकॉर्ड झाल्यावर कळतं की पेटी पूर्ण गाणंभर किंचित उतरलेली आहे. त्यावर इलाज नाही.

आणि ऑटो ट्यूनसाठी, म्हणजे सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या सोयीसाठी, जास्तीचे पैसे मोजू नका. तानपुऱ्याबरोबर लावलेला शुद्ध गांधार कीबोर्डच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरलं तर हा फरक कानाला स्पष्ट कळणारा आहे. नुसतं चालू करून सोडलेलं ऑटो ट्यून तो गांधार ‘चुकला’ म्हणून वर ओढतं, आणि भैरवातल्या आंदोलित रिषभाला तर थेट सरळ काठी करून टाकतं. (पेटीवरही हाच आक्षेप होता. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती, ती बरीच वर्षं टिकली. पण तो वेगळा विषय आहे.)

पायरी ६: एक शनिवार-रविवार, एकच गाणं, दोन सॉफ्टवेअर

वरच्या यादीतून दोनच निवडा. तिसरं घेऊ नका. एक छोटं गाणं घ्या, ध्रुवपद आणि एक अंतरा, तीन मिनिटांचं. शनिवारी ते एका सॉफ्टवेअरमध्ये करा, रविवारी दुसऱ्यात, आणि जवळ घड्याळ ठेवा.

क्रम असा. तानपुरा आणि ठेका दोन ट्रॅकवर टाकायचा. आवाज रेकॉर्ड करायचा. अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत मुद्दाम चूक करायची, मग तेवढीच ओळ नव्याने गाऊन बसवायची. याला पंच इन म्हणतात, आणि सॉफ्टवेअर कामाचं आहे की नाही ते इथेच कळतं. मग पूर्ण ध्रुवपदाचे तीन टेक घेऊन तिन्हींतल्या चांगल्या ओळी जोडायच्या. आवाजाखालची पंख्याची घरघर ८० ते १०० हर्ट्झखाली कापायची. थोडा रिव्हर्ब (घुमारा) द्यायचा. वेव्ह आणि एमपी३ अशा दोन्ही फाइल काढायच्या.

मी ही परीक्षा घेतली तेव्हा रीपरमध्ये पहिला पाऊण तास नुसती पडद्यावरची मांडणी ओळखून घेण्यात आणि ट्रॅक ‘आर्म’ करायचं, म्हणजे रेकॉर्डिंगला तयार करायचं, बटण शोधण्यात गेला. लाल बटण दाबतोय, काटा हलत नाही, बायको आतून विचारतेय की अजून सुरू झालं नाही का. पण टेक जोडायला लागलो तेव्हा दहा मिनिटांत काम झालं. २०२३ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून टेक एकाखाली एक दिसतात आणि हवी ती ओळ माऊसने ओढून निवडता येते. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग पाच मिनिटांत सुरू झालं होतं, पण ती एक ओळ बदलायला तासभर घालवला. पहिला पाऊण तास आयुष्यात एकदाच जातो. ओळ प्रत्येक गाण्यात बदलावी लागते. म्हणून घड्याळाकडे बघताना एकूण वेळ मोजू नका, पंच इन आणि टेक जोडणं या दोन कामांचाच मोजा.

पायरी ७: ‘आवाज उशिरा येतोय’

पहिल्या आठवड्यात हीच तक्रार असते, आणि बरेच जण एवढ्यावरून सॉफ्टवेअर बदलतात. दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो.

कॉम्प्युटर आवाजाचे छोटे छोटे गठ्ठे करून काम करतो. गठ्ठ्याच्या आकाराला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर ५१२ चा बफर म्हणजे साधारण १०.७ मिलिसेकंद, आणि आवाजाला जाताना एकदा, येताना एकदा थांबावं लागतं, म्हणजे एकवीसच्या वर. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. तेव्हा एकवीस मिलिसेकंद म्हणजे तुमचा स्वतःचा आवाज सात मीटरवरून ऐकू येतोय, सभागृहाच्या पलीकडच्या भिंतीपाशी बसलेल्या तबलजीसारखा. गाताना बफर १२८ वर आणा, मिक्सिंगला बसलात की पुन्हा १०२४ करा. तेव्हा उशीर चालतो आणि कॉम्प्युटरला दम खाता येतो.

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा असिओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि सॉफ्टवेअर यांना जोडणारा छोटा प्रोग्रॅम) टाकून सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तोच निवडा. इंटरफेसवर ‘डायरेक्ट’ असं बटण असेल तर ते दाबा. मग तुमचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता सरळ हेडफोनमध्ये येतो. त्या वेळी सॉफ्टवेअरमधलं मॉनिटर (स्वतःचा आवाज ऐकवणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर स्वतःचाच आवाज दोनदा ऐकू येईल. आणि ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगच्या खोलीत आणूच नका. त्यातला उशीर कुठल्याच सेटिंगने जात नाही.

पायरी ८: पैसे

महिन्याच्या वर्गणीवर मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची किंमत तीन वर्षांची गुणून बघा. महिना आठशे म्हणजे काहीच वाटत नाही. छत्तीस महिन्यांचे २८,८०० होतात, आणि वर्गणी थांबली की काम अर्धवट. एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं असेल तर नवख्याने तेच घ्यावं. परदेशी साइटवर पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. कार्ड नाकारलं गेलं की निम्म्या वेळा कारण हेच असतं.

कधी भरायचे? फुकटातल्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी गोष्ट करता आली नाही म्हणून गाणं अडलं, आणि ती गोष्ट तुम्हाला एका वाक्यात सांगता आली, की भरा. ‘आठच्या वर ट्रॅक हवेत’ हे कारण आहे. ‘व्यावसायिक लोक ते वापरतात’ हे नाही.

क्रॅकबद्दल, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरबद्दल, एवढंच सांगतो. माझ्या भाच्याने एका मित्राकडून ‘फुल व्हर्जन’ आणलं. तीन आठवड्यांनी लॅपटॉपवरचे फोटो, कॉलेजचे प्रोजेक्ट, सगळ्या फाइलींची नावं बदलली आणि पैसे मागणारी चिठ्ठी पडद्यावर आली. तेव्हा रीपरचे पाच हजार त्याला महाग वाटत होते.

पायरी ९: साठवणं

ही पायरी शेवटी आलीय, पण मी शिकलो ती सगळ्यात आधी, आणि फार वाईट रीतीने.

आत्याला जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. एका मे महिन्यात गावी जाऊन, माजघरात गोधड्या टांगून, मी तिच्या सव्वीस ओव्या रेकॉर्ड केल्या. घरी परतण्याआधी प्रोजेक्टची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि लॅपटॉप भावाकडे ठेवून आलो. त्याने पंधरा दिवसांत त्यात विंडोज नव्याने टाकलं. पेन ड्राइव्ह उघडला तर ट्रॅकची नावं होती, मी केलेल्या खुणा होत्या, आवाज नव्हता. प्रत्येक ट्रॅकवर ‘फाइल सापडत नाही’. प्रोजेक्टची फाइल काही केबींची होती, हे बघूनच मला कळायला हवं होतं. तिच्यात आवाज नसतो. कुठला तुकडा कुठून कुठवर वाजवायचा एवढाच मजकूर असतो, आवाज वेगळ्या फोल्डरमध्ये पडलेला असतो.

म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, पहिल्या दिवशी त्याची ही सवय तपासा. ऑडॅसिटी तिसऱ्या आवृत्तीपासून सगळं एकाच फाइलमध्ये ठेवतं. रीपरमध्ये ‘सेव्ह प्रोजेक्ट ॲज’च्या खिडकीत खालच्या बाजूला ‘क्रिएट सबडिरेक्टरी’ आणि ‘कॉपी ऑल मीडिया’ अशा दोन खुणा आहेत, त्या दोन्ही करा. नवं गाणं उघडलं की माइकला हात लावायच्या आधी हे करायचं. तपासायचं कसं? फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडा, वाजवा. वाजलं तर आहे.

गाणं पुरं झालं की प्रत्येक ट्रॅक पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत वेगवेगळी वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवा. सगळ्या फाइली शून्यापासून सुरू होत असल्या म्हणजे उद्या तुम्ही सॉफ्टवेअर बदललंत, किंवा कंपनीनेच ते बंद केलं, तरी दुसऱ्या कशातही एकाखाली एक टाकल्या की गाणं उभं राहतं. फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल टाका आणि त्यात पट्टी, लय, ताल, तारीख, कोण गायलं आणि काय वाजवलं ते लिहा.

पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा गेलो. आत्याला तोवर दम लागायला लागला होता. अकरा ओव्या झाल्या. त्या अकरांचं फोल्डर आता माझ्या लॅपटॉपवर, एका बाहेरच्या डिस्कवर आणि भावाकडे आहे. भावाला सांगून ठेवलंय, विंडोज टाकण्याआधी फोन कर.